कोयत्याबरोबर येणारी पोरं आणि त्यांची शाळा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या अंकात खरे तर खोडव्यातील पाचटाबद्दल लिहायचे ठरले होते. तो लेख पुढच्या अंकी देऊ. सध्या तोडणी-वाहतुकीचे करार चालू आहेत, तोडणी कार्यक्रम आखायचे काम आमच्या टेबलावर आहे, आणि आज जो विषय घेतला आहे तो मोळी टाकण्याआधी बोललो तरच त्याचा काही उपयोग. हंगाम सुरू झाल्यावर कुणाला ऐकायला वेळ नसतो, आम्हालाही नसतो.

दसरा झाला की आपल्या शिवारात टोळ्या उतरतील. आपण कागदावर कोयते मोजतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीत कोयते किती, बैलजोड्या किती, ट्रॅक्टर किती, उचल किती, हे सगळे करारात लिहिलेले असते. त्यांच्याबरोबर पोरं किती येणार, हे मात्र त्यात कुठेच नसते. कोपी पडली की दुसऱ्या दिवशी ती दिसतात. कुणी कळशी घेऊन हापश्यावर, कुणी कडेवर धाकटं भावंड घेऊन बांधावर, कुणी वाढ्याची पेंढी बांधताना.

गावोगावच्या बैठकीत हा विषय निघाला की एक उत्तर हमखास येते : "अहो, त्यांना शिकायचंच नसतं. आईबापालाच गरज नाही." आम्हाला हे पटत नाही. आपल्या कार्यक्षेत्रात हंगामातले सहा महिने या लोकांबरोबर काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की अडचण पोराच्या डोक्यात नाही, आईबापाच्या मनातही फारशी नाही. ती बरीचशी दोन हंगामांच्या तारखांत आहे. एक शाळेचा हंगाम, दुसरा गाळपाचा.

हिशेब मांडून पाहू. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरावी असे म्हटले आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिव किंवा अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव भागात शाळा जूनच्या मध्याला उघडते. टोळी दसरा-दिवाळीच्या आसपास गाव सोडते. म्हणजे चार महिने. त्यातून रविवार, पोळा, गणपती, बाकीचे सणवार वजा करा. नव्वद-पंचाण्णव दिवस उरतात. तेही पोर एक दिवस न चुकता गेले तर. पट्टा पडून टोळी माघारी पोचते तेव्हा गावच्या शाळेत वार्षिक परीक्षा चाललेली असते, नाहीतर उरकलेली असते. एकूण काय, या पोराला दरवर्षी पहिले सत्र मिळते आणि दुसरे सत्र कधीच मिळत नाही. पहिलीत असेच, दुसरीत असेच, तिसरीत असेच. गुणाकाराला सुरुवात होते, भागाकाराच्या वेळी ते आपल्या फडात असते.

जूनमध्ये ते पुढच्या वर्गात बसते. आठवीपर्यंत नापास करायचे नाही हे धोरण बरीच वर्षे होते, त्यामुळे हजेरीपटावर त्याची वर्गवार प्रगती व्यवस्थित दिसे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण परीक्षा घेतल्याने बुडलेले सत्र काही भरून निघत नाही. तुम्ही ऊसवाले, तुम्हाला आम्ही आमच्याच भाषेत सांगतो. लागणीत तुटाळ पडली तर महिना-सव्वा महिन्याच्या आत नांग्या भराव्या लागतात. त्या वेळी लावलेले रोप जोडीला लागते. तीन महिन्यांनी भरलेली नांगी शेजारच्या उसाच्या सावलीत जाते, तिला फुटवा धरत नाही. बेटे मोजली तर बेट भरते, काट्यावर वजन भरत नाही. पाचवीत बसलेले आणि दुसरीचे पुस्तक अडखळत वाचणारे पोर असे असते. नियमित शाळेत जाणाऱ्या मुलांचीही स्थिती फार चांगली आहे असे नव्हे. २०२२ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम वीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही वर्षभर शाळा चालू असलेल्या मुलांची गोष्ट. अर्ध्या वर्षाच्या मुलाचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

मग आईबाप पोरांना गावी ठेवून का येत नाहीत? काही जण ठेवतात. घरी आजी-आजोबा धडधाकट असतील तर पोरं त्यांच्याजवळ राहतात. पण जिथे आजोबाच कोयता घेऊन टोळीत आलेले आहेत तिथे कुणाजवळ ठेवायचे? त्यासाठी सरकारने गावातच हंगामी वसतिगृहांची सोय केली. शाळा व्यवस्थापन समितीने ती चालवायची, सहा महिने पोरांना जेवण व आसरा द्यायचा. योजना मुळात चांगली. अडचण पुन्हा तारखेची. टोळी निघते ऑक्टोबरात, आणि पुष्कळ ठिकाणी मंजुरी, निधी, भांडी-अंथरुणे यांची जुळवाजुळव होईपर्यंत पुढचे दोन-तीन महिने उलटतात. ट्रॅक्टर दारात उभा असताना "वसतिगृह सुरू होणार आहे" या भरवशावर सात वर्षांचे पोर मागे सोडायला कोण आई तयार होईल? ती पोराला ट्रॉलीत बसवते. आपणही तेच केले असते.

२०२१ साली शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी एकूण ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर मुलांची. त्यामागे ऊसतोड कामगारांसाठीचे जे कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढेच शासनाने घालावेत असे ठरले. हे मुद्दाम नमूद करतो, कारण टनामागचे ते दहा रुपये सहकारी कारखान्यात शेवटी सभासदाच्याच उसातून येतात. या वसतिगृहांत किती पोरं राहतात, दिवाळीआधी जागा मिळते की नाही, हे विचारायचा हक्क म्हणूनच आपल्याला आहे. वार्षिक सभेत आपण साखरेचा उतारा, मळीचा दर, आसवनीचा नफा विचारतो. हेही विचारावे.

वसतिगृहाची कल्पना आपल्या भागाला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढले. शेतकऱ्याचे पोर शिकायचे तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. साखर कारखान्यांनीही पुढे तोच रस्ता धरला. सभासदांच्या टनामागच्या कपातीतून हायस्कुले, कॉलेजे उभी राहिली आणि त्यात शिकलेली पोरं आज कुठे कुठे आहेत हे आपण जाणतो. असो.

आता आपल्या बांधावर येऊ. टोळ्या दोन प्रकारच्या असतात आणि पोरांच्या शाळेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. एक, टायरबैलगाडीच्या टोळ्या. यांच्या कोप्या कारखान्याजवळ एका जागी पडतात आणि पट्टा पडेपर्यंत तिथेच राहतात. गाडी रोज फडात जाते, रात्री काट्यावर येते. या पोरांना सहा महिने एकच पत्ता असतो. दुसऱ्या ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या. यांचा मुक्काम फडाप्रमाणे हलतो. आज या गावच्या ओढ्याकाठी, पंधरा दिवसांनी वीस किलोमीटरवर. कधी आठवड्यातच हलायची पाळी येते.

साखरशाळा ही कल्पना निघाली ती पहिल्या प्रकारच्या वस्तीला धरून. २००२ पासून जनार्थ या संस्थेने कारखान्यांच्या वस्त्यांवर अशा शाळा चालवल्या. कुडाच्या, पत्र्याच्या खोलीत का होईना, पोराच्या कोपीपासून हाकेच्या अंतरावर शाळा आली. तिथल्या बाईंना टोळीच्या वेळा ठाऊक असत. शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर अशा तात्पुरत्या शाळा मागे पडल्या. कायद्याचे म्हणणे असे की प्रत्येक मुलाला नियमित शाळेतच, त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा, मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढायचा, आणि दाखल्याच्या कागदासाठी त्याला अडवायचे नाही. म्हणणे बरोबर आहे. ऊसतोड्याच्या पोराला दुय्यम शाळा का, हा प्रश्न रास्तच होता. पण साखरशाळा वस्तीवर होती आणि नियमित शाळा गावात आहे. मधले दोन-तीन किलोमीटर, भरधाव ट्रॅक्टरांचा रस्ता, आणि सकाळी पोराला उठवून तयार करायला घरात कुणी नाही. आईबाप पहाटे चारला फडात गेलेले असतात. कायदा पोराला शाळेच्या दारापर्यंत हक्क देतो. कोपीपासून दारापर्यंत त्याला कोण नेणार, हे त्या-त्या गावावर राहते.

गावच्या शाळेलाही दोष देऊन भागत नाही. एक किंवा दोन गुरुजींची शाळा. नोव्हेंबरात अचानक पंधरा पोरं आली, वेगवेगळ्या वर्गांची, निम्म्यांजवळ पुस्तक नाही. महिन्याने टोळी हलली की पंधराच्या पंधरा गायब. गुरुजींनी कुणाला काय शिकवायचे? यासाठी शिक्षण हमी कार्ड काढले आहे. मूळ गावच्या शाळेने ते पोराच्या हातात द्यायचे, त्यावर त्याची इयत्ता व प्रगती लिहायची, इथल्या शाळेने ते पाहून बसवून घ्यायचे. कार्ड घेऊन आलेले पोर शाळेत लवकर रुळते. पण सगळी पोरं ते घेऊन येत नाहीत. पत्र्याच्या पेटीत कार्ड ठेवायचे लक्षात राहण्याइतकी निवांत सकाळ निघायच्या दिवशी नसते.

भाषेचीही गोष्ट आहे. बंजारा तांड्यावरचे पोर घरी गोरमाटी बोलते, नंदुरबारकडचे भिली किंवा पावरी. आपली पुस्तकी मराठी त्याला आधीच परकी. त्यात काही टोळ्या सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे किंवा दक्षिण गुजरातेत जातात. तिथे गावची शाळा कन्नड किंवा गुजराती. चार महिने मराठी, सहा महिने दुसरी लिपी. असे पोर कोणत्याच पाटीवर पक्के होत नाही.

सभासदांनो, या सगळ्यात एक धागा थेट आपल्या हातात आहे आणि तो म्हणजे तोडणी कार्यक्रम. लागण नोंदीच्या तारखेप्रमाणे, जातीप्रमाणे क्रमपाळी लागते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा क्रम. ही क्रमपाळी पाळली गेली तर एका गटातल्या टोळीला पुढचे दीड-दोन महिने कुठे तोडायचे आहे हे आधी सांगता येते. क्रमपाळी मोडली की काय होते? एक सभासद लग्नाचे कारण सांगतो, दुसरा गव्हासाठी रान मोकळे करायचे म्हणतो, तिसरा थेट वरून फोन करवतो, चौथा मुकादमालाच गाठून खुशाली ठरवतो. टोळी या गावातून उचलून त्या गावात टाकावी लागते. चिटबॉय चिठ्ठी फाडतो, ट्रॅक्टरला आठ-दहा किलोमीटरचा फेरा पडतो, डिझेल जळते. एवढे आपण सगळे जाणतो. त्याच दिवशी चार कोप्या मोडतात आणि त्या कोप्यांतली सहा-सात पोरं ज्या शाळेत नुकतीच बसायला लागली होती तिथून निघतात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नव्या गावात पुन्हा नाव घालायला कोण जातो?

म्हणून आमची सूचना अशी. ट्रक-ट्रॅक्टरच्या प्रत्येक टोळीला दोन किंवा तीन लगतची गावे पूर्ण हंगामाकरिता नेमून द्यावीत. कोप्या एकाच ठिकाणी, शक्यतो शाळा व पाणी जवळ असलेल्या गावठाणालगत पडाव्यात आणि पाच-सहा किलोमीटरच्या आतल्या फडात मजुरांनी रिकाम्या जाणाऱ्या वाहनातूनच जावे. यात काही प्लॉट नोंदीच्या तारखेपेक्षा आठ-दहा दिवस पुढे-मागे तुटतील. चौदा-सोळा महिन्यांच्या आडसाली उसाचे एवढ्याने फार बिघडत नाही. तुरा आलेला ऊस आणि मार्चनंतर उन्हात उभा असलेला ऊस ही वेगळी गोष्ट. तिथे वजन घटते, आणि तिथे आम्ही सभासदाच्या बाजूनेच बोलू. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे शाळेचे ऐन महिने आहेत आणि नेमके याच महिन्यांत आठ-दहा दिवसांची सवड देता येण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट लहानग्यांची. दहा वर्षांची पोर शाळेत का येत नाही म्हणून चौकशीला गेलो की तिच्या मांडीवर दीड वर्षांचे भावंड असते. तिला शाळेत न्यायचे तर आधी त्या भावंडाची सोय लावावी लागेल. तीन ते सहा वर्षांची पोरं गावच्या अंगणवाडीत बसू शकतात, तिथे त्यांना आहारही मिळतो. त्याखालच्यांसाठी वस्तीवर पाळणाघर लागेल. टोळीतल्याच एखाद्या वयस्कर बाईला मजुरी देऊन ते चालवता येईल. कारखान्याजवळच्या वस्तीवर तरी हे या हंगामात व्हावे असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत.

मुलींचे पुढे आणखी अवघड होते. बाराव्या-तेराव्या वर्षी तिला गावी ठेवावे तर आईबापाला घोर, फडात आणावे तर उघड्यावरची कोपी, न्हाणीला आडोसा नाही. स्वयंपाक तिच्याकडे, पाणी तिच्याकडे. शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षी संपतो, आणि वाड्या-वस्त्यांवरची शाळा बहुधा त्याआधीच संपलेली असते. मग लग्न. मुलीचे लग्न अठराच्या आत करू नये हा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे, पण उचल जोडीला मिळते, एकट्याला नाही. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. म्हणजे ज्या मुलीची सातवी सुटली ती दोन-तीन वर्षांत आपल्याच करारात अर्धा कोयता म्हणून नोंदली जाऊ शकते. करार करताना वयाचा कागद पाहावा, ही आमची आमच्या खात्याकडे आणि मुकादमांकडे मागणी राहील. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच धंद्यांत बंद आहे. घरच्यांना शाळेनंतर हातभार लावण्याची तेवढी सूट आहे. पहाटे चारला फडात मोळ्या बांधणे त्या सवलतीत बसत नाही.

काही सभासद म्हणतात, आता हार्वेस्टर आले, टोळ्याच राहणार नाहीत, मग हा प्रश्न कशाला उगाळायचा? यंत्रे वाढत आहेत हे खरे. पण पाच फुटी सरी नसलेली, दहा-वीस गुंठ्यांची, निचरा नसलेली आपली किती राने आहेत ते आम्ही रोज पाहतो. तिथे अजून बरीच वर्षे कोयताच लागेल. आणि उद्या यंत्राने कोयता हिसकावला तर ज्या पोराने फक्त कोयताच शिकला त्याने काय करायचे?

मजुरीचेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले तर सातशे-साडेसातशे रुपये होतात. त्यातून उचल फिटायची. पोराने मोळ्या बांधल्या, वाढे गोळा केले तर दिवसाला थोडा ऊस जास्त पडतो, वाढ्याचे चार पैसे येतात. हा मोह आईबापाला आहे, नाही असे म्हणणार नाही. पण आम्ही ज्या-ज्या कोपीत विचारले तिथे एकाही आईने "माझ्या पोरानं कोयता घ्यावा" असे म्हटले नाही.

आता गटवार काय करायचे ते सांगतो. या वेळी प्रत्येक गट ऑफिसात एक स्वतंत्र वही ठेवली आहे. आपल्या गावात टोळी उतरल्यापासून आठ दिवसांच्या आत ज्याच्या रानाशेजारी कोप्या पडल्या आहेत त्या सभासदाने पोरांची संख्या, अंदाजे वय, मूळ गाव आणि शिक्षण हमी कार्ड आहे की नाही एवढे चिटबॉयला सांगावे. तो वहीत लिहील. वहीची नक्कल दर शनिवारी त्या गावच्या मुख्याध्यापकांकडे आणि अंगणवाडीत जाईल. नाव पटावर चढले की दुपारचे जेवणही तिथे मिळते, हे कोपीवर आवर्जून सांगावे. पोरं शाळेत जायला लागली यापेक्षा जेवली हे ऐकून आया लवकर तयार होतात, असा आमचा अनुभव आहे. शाळा लांब असेल तर सकाळी दूध घालायला जाणाऱ्या गाडीवर दोन पोरं बसवून न्यायला कुणाची हरकत नसावी. जुनी पुस्तके, दप्तरे, स्वेटर गट ऑफिसात जमा करावेत. डिसेंबरच्या थंडीत स्वेटर पहिल्यांदा संपतात. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, टोळ्या हलायच्या आत, या पोरांनी काय काय शिकले ते इथल्या गुरुजींकडून कार्डावर लिहून घ्यायचे आहे, म्हणजे गावच्या शाळेत जूनमध्ये त्यांना पुन्हा पहिल्या पानावर बसवले जाणार नाही.

टोळीला गावे नेमून देण्याची यादी मोळीपूजनाआधी गट ऑफिसच्या फळ्यावर लागेल. ज्यांची हरकत असेल त्यांनी आपला लागण नोंद क्रमांक, जात व तारीख यांसह लेखी कळवावी. फोनवरची हरकत नोंदवून घेतली जाणार नाही.